पवनीला बघे हवेत

कोलोन हे जर्मन शहर मराठी घरात पहिल्यांदा शिरलं ते तापाबरोबर. कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवणाऱ्या आजीला ऱ्हाईन नदी कुठून कुठे वाहते याची फिकीर नव्हती, आणि ताप उतरला की त्या शहराशी असलेला घराचा संबंधही तिथेच संपायचा. आता ताप नसतानाही माणसं कोलोनला जातात. सहलीची बस थांबते, मंडळी उतरतात, मफलर सारखे करतात आणि 157 मीटर उंचीच्या काळ्याशार जुळ्या मनोऱ्यांपुढे माना मागे टाकून उभी राहतात. यात नवल उंचीचं नाही. नवल हे की यांतल्या एकाचंही तिथे काही काम नसतं. लग्न नसतं, साखरपुडा नसतो, कोणी दवाखान्यात नसतं, तहसिलीतून कसला दाखला काढायचा नसतो. जन्मभर ज्याने 'काय काम आहे तिकडे?' या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय उंबरठा ओलांडला नाही, तो माणूस साता समुद्रापार जाऊन निव्वळ बघत उभा असतो, आणि त्यासाठी त्याने पासपोर्ट, व्हिसा आणि भविष्यनिर्वाह निधीतला एक लचका असं सगळं खर्ची घातलेलं असतं. बिनकामाने हिंडण्याची पात्रता आपल्या अंगी आहे, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. तक्रार एवढीच की ही पात्रता आपण विमानात बसेपर्यंत वापरत नाही. भंडारा जिल्ह्यात तर अजिबातच नाही, कारण तसं असतं तर पवनीची आज ही गत नसती.

पवनीबद्दल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ठाऊक असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नाही. वैनगंगेच्या काठचं हे तालुक्याचं गाव. एका बाजूला नदी, उरलेल्या तीन बाजूंना मातीचा प्रचंड परकोट आणि त्याच्या पायथ्याशी खंदक. आत देवळंच देवळं. त्यांचा आकडा सांगणाऱ्याच्या श्रद्धेप्रमाणे वर-खाली होतो, पण गावाला 'विदर्भाची काशी' म्हणतात ते उगाच नाही. नदीवर दगडी घाट. एके काळी इथले कोष्टी इतक्या बारीक सुताचं रेशीमकाठी कापड विणत की ब्रिटिश गॅझेटिअरवाल्यांनाही त्याची नोंद घ्यावी लागली. आणि हे सगळं झालं वरचं. खाली, टेकड्यांच्या पोटात, दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप आहेत. 1969-70 साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा त्या जगन्नाथाखाली बुद्धाचा स्तूप निघाला. मूळ बांधणी मौर्यकाळाच्या सुमारास, नंतर वाढवलेला, आकाराने सांचीच्या स्तूपाच्या तोडीचा, भोवती कोरीव दगडी कठडा, आणि त्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं. म्हणजे देणगी दिली की दगडावर नाव कोरून घ्यायची आपली हौस पंख्याच्या पात्यांवरून सुरू झालेली नाही, ती निदान इतकी जुनी आहे. तिथल्याच एका शिल्पात मुचलिंद नाग फणा उभारून बसला आहे. बुद्धावर पाऊस पडू नये म्हणून त्याने फणा धरली ही कथा, पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शिल्पात बुद्ध माणसाच्या रूपात नाहीच. नागाचं नाव मात्र दगडावर स्वच्छ कोरलेलं. कोणाला ओळखण्यात गफलत होऊ नये एवढी काळजी त्या शिल्पकाराने घेतली. आपण दिशादर्शक फलकाच्या बाबतीतही घेत नाही.

आता कोणी म्हणेल, पवनीला माणसं येत नाहीत असं कोण म्हणतं? येतात, झुंडीने येतात. हे खरं आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्याचाच आधार आहे. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक पवनीत आहे, पंचमुखी. अष्टविनायकाची गाडी येते, लोक उतरतात, घंटा वाजते, नारळ फुटतो, प्रसादाचे पुडे होतात आणि गाडी पुढच्या गणपतीकडे निघते, कारण आठ पुरे करायचे असतात आणि दिवस मावळायच्या आत मेंढ्याचा भृशुंड गाठायचा असतो. जवळच रुयाडला जपानी भिक्खूंच्या सहकार्याने उभा राहिलेला महासमाधीभूमीचा नवा स्तूप आहे. फेब्रुवारीतल्या धम्ममेळाव्याला तिथे पांढऱ्या कपड्यांचा समुद्र लोटतो आणि संध्याकाळी ओसरतो. पर्वणीला घाटावर स्नानं होतात. अस्थी घेऊन येणारे येतात आणि अस्थी नदीला देऊन जातात. तिसऱ्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. पहाटे जिप्सीतून जाणाऱ्या हौशी मंडळींना 'पवनी गेट' पाठ असतं, पण ते जंगलाचं. गावाच्या परकोटातला जुना दरवाजा, ज्याला आता जवाहर गेट म्हणतात, तो त्यांच्या गावीही नसतो. ज्याला गणपती हवा त्याला गणपती मिळतो, ज्याला बुद्ध हवा त्याला बुद्ध, ज्याला वाघ हवा त्याला नशिबात असला तर वाघ. पवनीसाठी पवनीला कोणीच येत नाही. नागझिऱ्याहून रस्ते-नद्या ओलांडत या जंगलात दाखल झालेला आणि 2016 पासून दिसेनासा झालेला 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ, निदान तो तरी बिनकामाचा आला असेल असं वाटतं, पण जाणकार सांगतात की तोही जोडीदारीण शोधायला आला होता. वाघसुद्धा कामाशिवाय हलत नाही, असा हा मुलूख.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. कोलोनला बघण्यासारखं काही दिसतं. पवनीत काय दिसतं? माती. स्तूप म्हणाल तर टेकडी, परकोट म्हणाल तर झुडुपं उगवलेला बांध. मनोरे दिसले की मान आपोआप वर जाते, टेकडी दिसली की माणूस सावली शोधतो. पण या आक्षेपात एक गृहीत लपलेलं आहे, की कोलोनचं कॅथेड्रल पहिल्यापासून असं दिमाखात उभं होतं आणि म्हणून बघे आले. इतिहास नेमका उलटा आहे. कॅथेड्रलची पायाभरणी झाली 1248 साली. त्याच्या आधी, 1164 मध्ये, येशूच्या जन्माच्या वेळी भेटीला आलेल्या तीन राजांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी इटलीतल्या मिलानहून इथे आणल्या होत्या. सगळ्या युरोपातून यात्रेकरू लोटू लागले, त्यांच्यासाठी हे मंदिर. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच, कामाच्या माणसांपासून. 1322 मध्ये गाभाऱ्याकडचा भाग तयार झाला, त्याची प्रतिष्ठापना झाली, आणि उघड्या बाजूने वारा-पाऊस येऊ नये म्हणून एक तात्पुरती भिंत घालण्यात आली. ही तात्पुरती भिंत पाडली 1863 साली. आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्याला तात्पुरत्या कामांवरून हिणवणाऱ्यांनी हे दोन आकडे कागदावर लिहून एकमेकांतून वजा करावेत. मधल्या काळात, 1560 च्या सुमाराला, पैसा आणि उमेद दोन्ही आटल्यावर काम बंद पडलं ते पडलंच. दक्षिणेकडचा मनोरा अर्ध्यात थांबला आणि त्याच्या माथ्यावर दगड उचलण्याची लाकडी यारी तशीच राहिली. यारी काढायला 1868 उजाडलं. तोवर शहराच्या चित्रात ती यारी असायचीच. चित्रकारांनी कॅथेड्रल काढताना ती काढली, जणू कळस तोच. पिढ्यान्‌पिढ्या कोलोनची पोरं ती यारी बघत म्हातारी झाली.

या सगळ्या काळात पूजाअर्चा थांबली का? फ्रेंचांच्या ताब्यातली थोडी वर्षं सोडली तर नाही. गाभारा होता, अस्थी सोन्याच्या पेटीत सुरक्षित होत्या, मेणबत्त्या लागत होत्या, यात्रेकरू नवस फेडत होते. अर्धवट मनोऱ्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण भक्ताला देव पुरे असतो, कळस नसला तरी त्याचं अडत नाही. अडलं ते बघ्यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऱ्हाईनच्या काठाने हिंडायची युरोपात टूम निघाली. कवी, चित्रकार, रिकामटेकडे श्रीमंत, आगबोटीतून उतरणारे इंग्रज, यांपैकी कोणाला नवस फेडायचा नव्हता. ते बघायला आले होते आणि त्यांना त्या यारीने अस्वस्थ केलं. सुल्पित्स बॉइसरे नावाच्या एका नादिष्ट व्यापारीपुत्राने तर याच विषयावर आयुष्य लावलं, आणि थोरामोठ्यांच्या, अगदी ग्योटेच्याही, मागे लागून सगळ्यांना पटवलं की हे पुरं झालंच पाहिजे. दर्शनी भागाचा मध्ययुगीन मूळ नकाशा हरवलेला होता. त्याचा अर्धा तुकडा 1814 मध्ये डार्मस्टाट गावातल्या एका खानावळीच्या माळ्यावर सापडला. चामड्यासारख्या चिवट कातड्यावरचा तो भलाथोरला नकाशा तिथे शेंगांचे दाणे वाळत घालायला वापरत होते म्हणे. दुसरा अर्धा दोन वर्षांनी पॅरिसला मिळाला. घराघरांतून वर्गणी जमवणारं मंडळ 1842 मध्ये निघालं, पुढे लॉटरीसुद्धा काढली. प्रशियाचा राजा स्वतः प्रोटेस्टंट, पण कॅथलिकांच्या देवळाची दुसरी पायाभरणी त्याने हौसेने केली. 1880 साली, म्हणजे पहिल्या दगडानंतर 632 वर्षांनी, काम पुरं झालं. तेव्हा आज आपण जे मनोरे बघून थक्क होतो, ते भाविकांनी आरंभले असले तरी शेवटाला नेले बघ्यांनी. बघे मनोऱ्यांसाठी आले असं म्हणण्यापेक्षा मनोरे बघ्यांमुळे आले असं म्हणणं इतिहासाला धरून होईल.

(632 वर्षांच्या हिशेबात पाहिलं तर पवनीशेजारचं गोसेखुर्द धरण अजून बरंच वेळेत आहे. त्याची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 1988 साली झाली, अंदाज होता 372 कोटींचा, आणि त्यानंतर मुदतींनी आणि आकड्यांनी जो प्रवास केला तो वैनगंगेनेही केला नसेल. पण हा विनोद ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्यासमोर करू नये. त्यांच्या बाबतीत घाई झाली होती.)

दुसरा आक्षेप सोयींचा. कोलोनला रेल्वे स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर कॅथेड्रल. हा योगायोग नव्हे. 1859 मध्ये नदीवरचा रेल्वेपूल बांधताना त्याचा रोख मुद्दाम कॅथेड्रलकडे ठेवला, म्हणजे येणाऱ्याला गाडीतूनच दिसावं. आपल्याकडची रीत याहून विनयशील. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' आहे त्या स्टेशनावर ते गाव नसतं, हे भंडारा रोडला वरठीत उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पवनी रोडही तसंच. नागपूर-नागभीड या छोट्या लाइनवरचं हे स्टेशन, तिथे उतरून पवनी गाठायची तर पुन्हा रस्त्याचीच वाट. आणि ती छोटी गाडीही 2019 च्या नोव्हेंबरात मोठ्या लाइनच्या कामासाठी बंद झाली. राहायला बरी खोली, हातात धरण्याजोगा नकाशा, स्तूपापाशी चार ओळींची माहिती सांगणारा माणूस, या गोष्टींची वानवा आहे हे कबूल. पण सोयी आधी की बघे आधी, या वादात कोलोनची साक्ष बघ्यांच्या बाजूने पडते. शिवाय भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून पवनीला एसटी मिळते, नागपूर जेमतेम 80 किलोमीटरवर आहे, आणि कोलोनच्या मनोऱ्यावर चढायला 533 पायऱ्या आहेत. पाचशे तेहतीस पायऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून चढणारी मंडळी जगन्नाथ टेकडीचा चढ पाहून 'सोय नाही' म्हणतात तेव्हा गुडघ्याचा प्रश्न नसून भूगोलाचा असतो.

तिसरा आक्षेप जरा खोल आहे आणि तो सहज झटकता येत नाही. देऊळ ही बघायची वस्तूच नाही, तिथे दर्शन घ्यायचं असतं, असं म्हणणारे लोक ढोंगी नाहीत. आपल्याच माणसाची दोन्हीकडची वागणूक शेजारी ठेवून पाहा. कॅथेड्रलमध्ये शिरताच तो टोपी काढतो, आवाज खाली आणतो, बाकावर बसतो, छताच्या कमानी कुठे मिळतात ते शोधतो, रंगीत काचांवरची अनोळखी संतमंडळी मन लावून न्याहाळतो आणि बायकोला हलक्या आवाजात 'केवढं काम असेल गं!' म्हणतो. तोच माणूस पवनीच्या नीलकंठाच्या किंवा मुरलीधराच्या देवळात गेला की घंटेचा टोला, हात जोडणे, डोळे मिटणे, कपाळाला अंगारा, एक प्रदक्षिणा, चपला जागेवर आहेत ना याची खात्री, आणि बाहेर. देवळात तो देवाला भेटतो, देवळाला भेटतच नाही; आणि देवाला भेटताना तर डोळेच मिटून घेतो. लाकडी खांबावरची नक्षी, चौकटीवरचा नाग, भिंतीत बसवलेला एखादा भलत्याच काळातला दगड, हे सगळं मिटल्या डोळ्यांच्या मागे राहतं. यात श्रद्धेचा काही दोष नाही. पण दर्शन झाल्यावर डोळे उघडून अर्धा तास तिथेच घुटमळायला कोणत्या शास्त्राने मनाई केली आहे? कोलोनमध्येही आज प्रार्थना चालते. एका बाजूला गुडघे टेकून बसलेली म्हातारी, दुसऱ्या बाजूला कॅमेरे, आणि मधे दोघांना आपापल्या जागी ठेवणारे लाल झग्यातले सेवक. भक्त आणि बघे एका छताखाली नांदू शकतात, फक्त मधे एखादा खमक्या माणूस लागतो. तसे खमके पवनीत मिळणार नाहीत असं भंडारा जिल्हा ज्याने पाहिला आहे तो म्हणणार नाही.

बघे आले की गाव बिघडतं, असाही एक सूर आहे. बिघडतं, खरं आहे. गर्दीला कंटाळलेली शहरं युरोपात आहेत, आणि ऱ्हाईनच्या पलीकडच्या काठावर उंच इमारती उठू लागल्या तेव्हा 2004 मध्ये युनेस्कोने कॅथेड्रलला धोक्याच्या यादीत टाकलं होतं, कारण मनोऱ्यांचं दर्शन झाकोळेल म्हणून. शहराने बेत आवरते घेतले आणि 2006 मध्ये नाव यादीतून निघालं. लांबून दिसणारं दृश्य ही सुद्धा राखायची मालमत्ता आहे, हे तिथे बघ्यांमुळे कळलं. पवनीचा परकोट कडेकडेने मुरूम नि माती म्हणून झिजत असेल तर त्याच्याकडे पाहून हळहळणारं कोणी तरी हवं. आणि घाटावर आज जे निर्माल्य, जे प्लास्टिक तरंगतं ते काही बिनकामाच्या माणसांनी टाकलेलं नाही. ज्यांचं तिथे काम होतं त्यांनीच ते आपल्या कामाचा भाग म्हणून टाकलं. वर्षाला सुमारे 60 लाख माणसं कोलोनचं कॅथेड्रल बघतात असं सांगतात. पवनीला त्यातले शून्य उडवत उडवत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बघे रोज आले तरी गाव बिघडणार नाही, फार तर चहाच्या टपरीवाल्याला दूध थोडं जास्त लागेल.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कोणत्याही पर्यटन महामंडळाच्या आवाक्यातली नाही. कोलोनमध्ये बघ्याला सर्वांत मोठी सोय ही की त्याला कोणी काही विचारत नाही. पवनीत अनोळखी माणूस परकोटाच्या बाजूने पाच मिनिटं रेंगाळला की ओट्यावरून प्रश्न येतो, "कोनाकडं आले जी?" या प्रश्नात संशय कमी आणि आतिथ्य जास्त असतं, पण उत्तर द्यावंच लागतं. आपल्या गावांच्या हिशेबात पाहुणा हा कोणाचा तरी असतो. कोणाचाच नसलेला पाहुणा ही जात अजून जन्मलेली नाही. 'कोणाकडे नाही, नुसतं बघायला आलो' हे उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न 'काय?' आणि त्याच्या पुढचा 'काहून?' खरं सांगितलं तरी विश्वास बसत नाही, आणि समोरचा माणूस आपल्याला जमीन बघायला आलेला दलाल, मुलगी बघायला आलेला पाहुणा किंवा सर्व्हे करायला आलेला सरकारी नोकर यांपैकी एका खात्यात टाकून मोकळा होतो. मग घरात बोलावणं, पाट नाही तर खुर्ची, पाणी, चहा, दुसरा चहा, जेवल्याशिवाय कसं जाता. माया खरी असते, पण तिसऱ्या चहानंतर मौर्यकाळ बघायचा राहून जातो.

यावर एक उपाय सुचतो. पवनीत एक दगडी स्तंभ सापडला होता. त्याच्यावरच्या ब्राह्मी लेखातून कळतं की तो महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला. क्षत्रप म्हणजे शक, परमुलखातून आलेल्या घराण्यांतला, तेव्हा पवनीला आलेल्या परदेशी पाहुण्यांत लेखी पुरावा असलेला मान याचाच. ओट्यावरून प्रश्न आला की बघ्याने न बिचकता सांगावं, "रुपिअम्मांकडे आलो." विचारणारा डोक्याला ताण देईल, नाव तेलगू वाटतं, बँकेत नवीन बदलून आलेल्या मॅडम असतील असा तर्क करील, शेजाऱ्याला हाक मारून खात्री करून घेईल. कोणता वॉर्ड, हे विचारल्यावर मात्र खरं ते सांगून टाकावं, की पूर्वी इथेच असायचे, आता नागपूरला असतात, अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात. मग कोणालाच काही वावगं वाटणार नाही. पवनीच्या निम्म्या घरांतली पोरं नागपूरलाच असतात.